'ती हिजाबवाली'? तिला नाव आहे!

पुण्यात भर दुपारी स्कूटीवरून जाणाऱ्या मुली बघा. डोळे सोडून अख्खा चेहरा स्कार्फने गुंडाळलेला. त्यावर आपण फार तर विनोद करतो. पण एखाद्या मुस्लिम मुलीने डोक्यावर स्कार्फ घेतला, की आपली उत्तरं तयार असतात. 'घरून जबरदस्ती असणार', 'जुन्या विचारांची असणार'.

दोन्ही स्कार्फ सारखे नाहीत, हे मान्य. पहिला ऊन टळलं की डिकीत जातो. दुसऱ्यामागे श्रद्धा असते, कधी सवय, कधी घरच्यांचा धाक. पण यातलं नेमकं काय, हे तिला विचारल्याशिवाय कसं कळणार?

2024 मध्ये चेंबूरच्या एका कॉलेजने ड्रेसकोड आणून हिजाब, नकाब, टोपी, बॅज यांवर बंदी घातली. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. याचिका फेटाळली गेली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा, नकाब नको, असंही सांगितलं. त्याआधी 2022 मध्ये कर्नाटकातल्या हिजाबबंदीवर याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नव्हतं. त्यांपैकी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी बंदीविरुद्ध निकाल देताना मुलींच्या शिक्षणाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा मानला. मला तेच पटतं. गेटवर अडवलेली मुलगी काही 'मुक्त' होत नाही, ती घरी परत जाते. आणि घरूनच जबरदस्ती असेल, तर आपण तिला पुन्हा तिथेच ढकलतो.

आता दुसरी बाजू. त्याच 2022 मध्ये इराणमध्ये हिजाब नीट घातला नाही म्हणून पकडलेल्या 22 वर्षांच्या महसा अमिनीचा मृत्यू झाला आणि असंख्य मुली रस्त्यावर उतरल्या. त्यामुळे 'ही तिची चॉइस आहे' म्हणणाऱ्यांनाही एक प्रश्न आहे. उद्या तिने हिजाब काढला, तर घरचे, मोहल्ल्यातले तिच्याशी आजच्यासारखेच वागतील? नसतील, तर ती चॉइस अर्धीच. घालायची मोकळीक हवी, तशी काढायचीही हवी.

कायदा, कॉलेज, घर हे सगळं लगेच आपल्या हातात नाही. बाजूचा बेंच मात्र आहे. तिथे बसणारी मुलगी अकाउंट्समध्ये हुशार असेल, कॅरममध्ये भल्याभल्यांना हरवत असेल, तरी आपल्या ग्रुपमध्ये ती 'हिजाबवाली'च. आधी तिचं नाव तर विचारा. बाकीचं सांगावंसं वाटलं, तर तीच सांगेल.