स्पेलिंगचे ओझे कोणी वाहायचे?

इंग्रजी स्पेलिंग हा विनोदाचा विषय म्हणून आजवर पुष्कळ चघळला गेला आहे. ओ, यू, जी आणि एच ही चार अक्षरे याच क्रमाने आली, तरी ‘दो’, ‘थ्रू’, ‘रफ’, ‘कॉफ’ आणि ‘बाउ’ या पाच शब्दांत त्यांचे पाच उच्चार होतात. ‘नाइफ’च्या आरंभीचा के आणि कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधील बी हे तर केवळ लिहिण्यापुरते उरले आहेत. परंतु हसून झाल्यावर एक गंभीर प्रश्न शिल्लक राहतो. या अव्यवस्थेची किंमत कोण मोजतो?

ही अव्यवस्था कोणी योजून निर्माण केलेली नाही. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला, तेव्हा इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार बदलत होते आणि पुढेही दीर्घकाळ बदलत राहिले. छापखान्याने अक्षरे हळूहळू स्थिर केली. जीभ मात्र पुढे निघून गेली. त्यात विद्वानांच्या हौसेची भर पडली. फ्रेंचमधून आलेल्या ‘डेट’ला लॅटिन कुळाची खूण म्हणून बी चिकटवण्यात आला. ‘आयलंड’ हा तर अस्सल इंग्रजी शब्द. लॅटिन ‘इन्सुला’शी नसलेले नाते जोडल्यामुळे त्यात एस शिरला. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशाने अशा रूढ रूपांवर प्रतिष्ठेची मोहोर उमटवली.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. नोआ वेब्स्टरच्या कोशांमुळे अमेरिकेत ‘कलर’मधील यू गेला; पण त्याहून फारसे काही साधले नाही. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तीनशे शब्दांची सुलभ रूपे सरकारी छपाईत वापरण्याचा आदेश दिला. काँग्रेसच्या विरोधापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. १९४९ साली ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात माँट फॉलिक यांचे स्पेलिंग सुधारणेचे विधेयक ८४ विरुद्ध ८७ अशा अवघ्या तीन मतांनी फेटाळले गेले.

सुधारकांच्या मार्गात खऱ्या अडचणीही होत्या. लंडन, एडिंबरो आणि न्यूयॉर्क येथील उच्चार भिन्न. मग प्रमाण कोणाचा मानावा? तथापि मुख्य कारण अर्थशास्त्रीय आहे. बदलाचा त्रास आजच्या साक्षरांना आणि लाभ उद्याच्या बालकांना, असा हा व्यवहार. ज्यांच्या हाती मत आहे, त्यांनी आपली किंमत पूर्वीच चुकती केली आहे. ज्यांना ती चुकवायची आहे, त्यांना मत नाही.

ही किंमत काल्पनिक नव्हे. तेरा युरोपीय भाषांतील मुलांच्या प्राथमिक वाचनाची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक भाषांतील मुले जी पायरी पहिल्या वर्षाअखेर गाठतात, ती गाठण्यास इंग्रजीभाषक मुलांना दुपटीहून अधिक काळ लागतो, असे त्यात आढळले. मातृभाषेतच ही अवस्था, तर परक्यांची काय कथा?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. देवनागरीलाही ऱ्हस्व-दीर्घाचे जाच आहेत, आणि ‘चमचा’ व ‘चहा’ यांतील च एकसारखा नाही. तरीही अक्षर पाहिले की उच्चार बहुधा कळतो. या विश्वासाने इंग्रजीकडे वळलेले मूल पहिल्याच वळणावर ठेचकाळते. ज्या घरी इंग्रजी बोलले जाते, तेथे कानावर पडलेला शब्द त्याला सावरतो. ज्या घरी ते नाही, तेथील मुलाच्या पदरी लाल शाईच्या खुणा आणि वर्गातील हशा येतो. इतिहासातील अपघाताचा दंड अशा रीतीने सर्वांत दुबळ्या खांद्यांवर पडतो.

इंग्रजीचे स्पेलिंग बदलणे आपल्या हाती नाही. त्याला बुद्धीचे माप न मानणे हे मात्र निश्चितच आहे. विज्ञानाच्या वा अर्थशास्त्राच्या उत्तरात आशय स्पष्ट असेल, तर स्पेलिंगसाठी गुण कापू नयेत. भाषेच्या तासाला समान घडणीचे शब्द एकत्र शिकवावेत आणि अपवादांचा इतिहासही सांगावा. अडखळण्यात आपला दोष नाही, रस्ताच वाकडा आहे, एवढे कळले तरी मुलाचे पाऊल पुढे पडते. त्याला तेवढे सांगणे हे शिक्षणाचे कर्तव्यच होय.