दाराबाहेरची माणसे आणि समुद्रातला रस्ता

९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांमधल्या वळणावर दोन लोकलगाड्या एकमेकींना ओलांडून जात असताना दारात लोंबकळणारे प्रवासी रुळांवर कोसळले. त्याच दिवशी चार जण मृत्युमुखी पडले. शोकसंदेश निघाले, चौकशी जाहीर झाली, आणि रेल्वे मंत्रालयाने उपायही तत्परतेने घोषित केला : लोकलला आपोआप बंद होणारी दारे बसविणार! दारे बसतील, बंदही होतील. परंतु दाराबाहेर लोंबकळणारा माणूस मग कोठे उभा राहणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही. गर्दी दारामुळे होत नाही. गर्दी कशामुळे होते ते सांगायचे तर जमिनीविषयी बोलावे लागते, आणि जमिनीविषयी बोलणे आपल्या राज्यकर्त्यांना परवडणारे नाही.

दिव्याला, बदलापूरला, नालासोपाऱ्याला राहणारी माणसे तेथे हवापालटासाठी गेलेली नाहीत. त्यांना मुंबईने हाकलले आहे. हे हाकलणे पोलिसांच्या लाठीने झाले नाही, दर चौरस फुटाच्या भावाने झाले, एवढाच फरक. आणि हा भाव म्हणजे काही निसर्गनियम नव्हे. तो कसा घडविण्यात आला याचे सर्वात स्वच्छ उदाहरण गिरणगाव हेच आहे.

गिरणी कामगार चाळीत राहत होता आणि भोंगा झाला की पायी गिरणीत जात होता. त्याला लोकलची गरज नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीतले त्याचे जिणे हलाखीचे होते, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण घर आणि काम यांच्यात पाऊण तासाचा नरक नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि सुमारे सहाशे एकर जमिनीकडे सर्वांच्या नजरा वळल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ढोबळमानाने वाटणी ठरविली होती : एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये या नियमात एक लहानसा बदल करण्यात आला. वाटणी सर्व जमिनीची नव्हे, तर गिरणीच्या आवारात जी जमीन आधीपासून रिकामी असेल तेवढीचीच! गिरणीच्या आवारात रिकामी जमीन ती किती असणार? एका शब्दाच्या फेरफाराने शहराचा वाटा मालकांच्या खिशात गेला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जनतेच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाचा बदल वैध ठरविला. आज तेथे मनोरे, मॉल आणि कचेऱ्या उभ्या आहेत. त्यांत झाडू मारणारी बाई, पहारेकरी आणि चहा आणून देणारा पोरगा यांपैकी एकही जण तेथे राहत नाही.

कचेऱ्या आल्या, पण त्यांत काम करणारांच्या येण्याजाण्याचा विचार कोणी केला? २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर २३ माणसे चिरडून मेली. त्या दिवशी पावसाला दोष देण्यात आला, अफवेला देण्यात आला. गिरणीच्या काळातल्या स्थानकावर कॉर्पोरेट कचेऱ्यांचा भार टाकणाऱ्या धोरणाला मात्र कोणी दोष दिला नाही.

आणि ज्यांच्या घामावर हे सारे उभे राहिले त्या गिरणी कामगारांचे काय? घरासाठी दीड लाखाहून अधिक कामगारांनी व त्यांच्या वारसांनी अर्ज केले, आणि बहुसंख्यांच्या हाती अद्याप किल्ली नाही. आता शासनाने त्यांच्यासाठी घरे शोधली आहेत ती शेलू आणि वांगणी येथे, म्हणजे कर्जतच्या वाटेवर, मुंबईपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर कामगारांनी याच्याविरुद्ध आवाज उठविला तो योग्यच होता. परळच्या माणसाला वांगणीला पाठवायचे, मग वांगणीहून त्याच्या नातवाला दाराला लोंबकळत परळला आणायचे, आणि शेवटी त्या दाराला कडी लावायची! याला नियोजन म्हणतात.

आता दुसरी बाजू पाहा. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतच्या सागरी किनारा मार्गावर मुंबई महापालिकेने स्वतःच्या तिजोरीतून सुमारे चौदा हजार कोटी रुपये खर्च केले. लांबी साडेदहा किलोमीटर. दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव. रस्त्याच्या एका मार्गिकेवरून तासाला फार तर दोन हजार मोटारी जातात, त्यांत माणसे तीनएक हजार. गर्दीच्या वेळची बारा डब्यांची एकच लोकल पाच हजारांच्या आसपास माणसे घेऊन धावते, आणि अशा गाड्या दर तीन-चार मिनिटांनी सुटतात. हा हिशेब चौथीतल्या मुलाला कळेल. महापालिकेच्या अभियंत्यांना तो कळत नाही असे नाही; कोणासाठी रस्ता बांधायचा हे आधीच ठरलेले असते.

याच महापालिकेच्या मालकीची बेस्ट आहे. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ती लोकांच्या मालकीची झाली. २०१० च्या सुमारास तिच्या ताफ्यात चार हजारांवर गाड्या होत्या. २०१९ मध्ये कामगार संघटनेशी करार झाला की स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या राखल्या जातील. आज भाड्याच्या गाड्या धरूनही एकूण ताफा तीन हजारांच्या आत आला आहे, आणि स्वतःच्या गाड्या उरल्या आहेत त्या काही शेकड्यांत. चालक कंत्राटदाराचा, गाडी कंत्राटदाराची, बेस्टचे फक्त नाव. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले. समुद्रातल्या रस्त्यावर मोटारवाल्याला टोल नाही, थांब्यावर उभ्या असलेल्या मोलकरणीला मात्र दुप्पट भाडे! बेस्ट तोट्यात आहे असे सांगतात. रस्त्यावरचे दिवे किती नफा कमावतात, हे त्यांना एकदा विचारले पाहिजे.

राज्यातही चित्र निराळे नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर जून २०२५ पर्यंत पूर्ण झाले. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले ते पनवेलपासून सिंधुदुर्गापर्यंतचा चाकरमानी दर गणपतीला खड्ड्यांत मोजतो. १ जून १९४८ रोजी सुरू झालेल्या एसटीच्या मोडक्या गाड्यांविषयी वेगळे लिहावे लागेल.

‘पैसा कोठून आणणार?’ हा ठराविक प्रश्न. याचे उत्तर पुस्तकात शोधण्याची गरज नाही, ते वाशीच्या खाडीवर आहे. मानखुर्दहून वाशीपर्यंत १९९२ मध्ये लोकल गेली तेव्हा त्या मार्गाचा दोन तृतीयांश खर्च सिडकोने उचलला. कोठून? जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून. रेल्वे आली की जमिनीचा भाव वाढतो. ती वाढ समाजाने निर्माण केलेली असते, म्हणून ती समाजाकडे आली पाहिजे, एवढे साधे तत्त्व. मात्र ही जमीन आगरी-कोळी शेतकऱ्यांची होती, आणि योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढताना जानेवारी १९८४ मध्ये पाच जण गोळीबारात हुतात्मे झाले, हे विसरून सिडकोची आरती ओवाळता येणार नाही. वाढीव किमतीत पहिला वाटा मूळ भूमिपुत्राचा, मग रेल्वेचा, मग घरांचा. बिल्डरचा वाटा का असावा, हे कोणी समजावून सांगितलेले नाही.

घरांच्या बाबतीत आपल्यालाही थोडे आत्मपरीक्षण करावे लागेल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे आपण रक्षण केले ते बरोबर होते. पण नवी भाड्याची घरे कोण बांधणार, याकडे आपण पुरेसे लक्ष दिले नाही. विसाच्या दशकात ब्रिटिश सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडीच्या २०७ चाळी बांधल्या. तुरुंगासारख्या होत्या, तरी सरकारी होत्या आणि भाड्याच्या होत्या. स्वतंत्र देशातल्या सरकारने तेवढेही काम हाती घेऊ नये आणि १९९५ पासून ‘फुकट घर’ या शब्दाखाली झोपडपट्टीची जमीन बिल्डरच्या स्वाधीन करावी, हे आपण फार काळ सहन केले. उलट गोरेगावात मृणाल गोरे, बाबुराव सामंत यांच्या पुढाकाराने नागरी निवारा परिषदेने कमाल जमीन धारणा कायद्याखालील जमीन लढून मिळविली आणि त्यावर सुमारे सहा हजार घरे उभी राहिली. तो कायदाच २००७ मध्ये या राज्याने गुंडाळून ठेवला. २०११ च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांवर घरे रिकामी आढळली होती, आणि त्याच शहरातली चाळीस टक्क्यांवर कुटुंबे झोपडपट्टीत होती!

तेव्हा मागण्या ‘विकास हवा’ अशा मोघम असून चालणार नाहीत. बेस्टचा स्वमालकीचा ताफा करारातील संख्येवर आणा आणि तिची तूट महापालिकेच्या अर्थसंकल्पात सेवा म्हणून धरा. मुख्य रस्त्यांवर बससाठी राखीव मार्गिका ठेवा. त्याला समुद्र बुजवावा लागत नाही, रंगाचा डबा आणि थोडे धैर्य लागते. रिकाम्या घरांवर जबर कर बसवा. स्थानकांजवळची रेल्वेची, बंदराची, आगारांची सार्वजनिक जमीन विकायची नाही, तिच्यावर म्हाडाने भाड्याची घरे बांधावीत. आणि ज्या एमएमआरडीएच्या हाती ही सारी सूत्रे आहेत तिच्यावर बदलापूर-विरारच्या प्रवाशाने निवडलेले प्रतिनिधी असावेत. मुंबई महापालिकेतच मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे निवडून आलेले सभागृह नव्हते, याच काळात समुद्रातला रस्ता खुला झाला.

प्रत्येक शाखेने आपल्या भागातल्या आगारात जाऊन किती गाड्या बेस्टच्या आणि किती कंत्राटदाराच्या, आगाराच्या जमिनीवर कोणाचा डोळा आहे, याची नोंद करावी. साथींनो, अंदाजपत्रकाच्या अधिवेशनापूर्वी ती नोंद थांब्याथांब्यावर लोकांना वाचून दाखवायची आहे.