ट्यूबची मागची बाजू

उन्हाळ्यात माहेरी, नागपूरला गेले होते. वहिनीनं दार उघडलं आणि मी दचकलेच. कपाळ, गाल, नाकाचा शेंडा, गळ्याखालचा भाग, सगळं लालबुंद आणि सुजलेलं.

"ताई, नुसती खाज सुटलीय. ऊन लागू नये म्हणून क्रीम लावलं आणि उन्हापेक्षा तेच जास्त लागलं बघा!" ती म्हणाली.

वहिनी शाळेत शिकवते. रोज स्कूटरवरून जाणं-येणं. त्वचा पहिल्यापासूनच नाजूक, साबण बदलला तरी हात खरखरीत होणारे. म्हणून तिनं सनस्क्रीन घेताना काळजी घेतली होती. ट्यूब महागाची, वर ठळक अक्षरांत 'एसपीएफ ५०', शिवाय 'संवेदनशील त्वचेसाठी'. आधी दोन रात्री कानामागे लावून पाहिलं, काही झालं नाही. मग चेहऱ्यावर लावायला सुरुवात केली आणि चौथ्या दिवशी हे!

त्वचारोगतज्ज्ञांकडे मीच तिच्यासोबत गेले. डॉक्टरांनी तिचा चेहरा वर करून हनुवटीखाली पाहिलं, कानामागं पाहिलं, पापण्या पाहिल्या. तिथं काहीच नव्हतं. जिथं ऊन पोचतं तेवढीच जागा पेटली होती. मग त्यांनी विचारलं, "अंगदुखीसाठी एखादं जेल चोळता का?" आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. दोन वर्षांपूर्वी वहिनीचं मनगट दुखत होतं, तेव्हा औषधाच्या दुकानातून आणलेलं जेल ती महिनाभर चोळत होती. मनगटावर पुरळही आलं होतं, पण ते घामोळं म्हणून सोडून दिलं.

त्या जेलमध्ये होतं केटोप्रोफेन. काहींना त्याची अ‍ॅलर्जी होते, पण ती ऊन पडल्यावरच प्रकटते. आणि अशा माणसांना पुष्कळदा सनस्क्रीनमधल्या ऑक्टोक्रिलीन या घटकाचाही तसाच त्रास होतो. वहिनीच्या ट्यूबवर ते नाव तिसऱ्याच ओळीत होतं. नंतर 'फोटोपॅच' चाचणी झाली. पाठीवर संशयित घटकांच्या दोन-दोन पट्ट्या लावायच्या, त्यातल्या एका बाजूवर अतिनील किरण सोडायचे आणि दोन्हींची तुलना करायची. डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला.

कानामागची चाचणी का फसली हे आता लक्षात आलं असेल. कानामागं ऊन कुठं लागतं? नवीन सनस्क्रीन तपासायचं तर हाताच्या बाहेरच्या अंगाला, मनगटाच्या थोडं वर, रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा आठवडाभर लावा आणि रोजचा उजेड त्यावर पडू द्या. लावताच चुरचुरलं आणि धुतल्यावर थांबलं तर बहुधा ती नुसती जळजळ असते. जेलसारख्या सनस्क्रीनमधल्या अल्कोहोलनं ती पुष्कळांना होते. एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, सूज आली तर अ‍ॅलर्जीची शंका घ्या. पूर्वी मोठा त्रास झालेला असेल, तर मात्र घरी प्रयोग करू नका.

आता ट्यूब उलटी करा. मागची अक्षरं बारीक असतात, चष्मा लावा. ऊन अडवणारे घटक दोन जातींचे. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजं त्वचेच्या वरच्या थरावरच राहतात, त्यांची अ‍ॅलर्जी अगदी क्वचित. (ती आरशासारखी किरणं परतवतात असं सगळीकडे छापतात. खरं तर बहुतेक अतिनील किरणं ती शोषूनच घेतात.) दोन्हींत झिंक ऑक्साइडचा आवाका मोठा, म्हणून नाजूक त्वचेला मी आधी तेच सुचवीन. लहान बाळांच्या लंगोटाच्या पुरळावर लावायच्या मलमात हेच असतं.

दुसरी जात सेंद्रिय रसायनांची : अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन, ऑक्सिबेन्झोन वगैरे. ती बहुतेकांना सोसतात. पण ऑक्सिबेन्झोनची उन्हातली अ‍ॅलर्जी जुनी आणि माहितीतली आहे, आणि ते 'बेन्झोफिनोन-३' या नावानंही लपून बसतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१९ साली सनस्क्रीनच्या १६ घटकांचा आढावा घेतला, तेव्हा 'सुरक्षित आणि परिणामकारक' या रांगेत फक्त झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड बसवावेत असा प्रस्ताव मांडला. दोन घटक नाकारायचे ठरवले आणि बाकी १२ बद्दल कंपन्यांकडे आणखी माहिती मागितली. माहिती मागितली म्हणजे ते वाईट ठरले असं नव्हे, हेही सांगायला हवं.

पण पुष्कळदा गुन्हेगार ऊन अडवणारा घटक नसतोच. असतो तो सुगंध! 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' हा शब्द दिसला की नाजूक त्वचेच्या व्यक्तीनं ट्यूब परत ठेवावी. 'अनसेंटेड' लिहिलेलंही फसवं, कारण मूळ वास झाकायला त्यात दुसरा वास घातलेला असू शकतो. लव्हेंडर, लिंबू, संत्र्याची तेलं हेही सुगंधच. 'हर्बल' म्हटलं की आपण डोळे मिटून घेतो, पण लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यावर कातडी भाजून काळे डाग पडतात, ते नैसर्गिकच असतात ना? 'मेथिलआयसोथायाझोलिनोन' हे लांबलचक नावाचं टिकाऊद्रव्यही टाळा. आणि 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' या शब्दावर पैसे खर्च करू नका. त्याचा अर्थ कंपनी ठरवील तो.

झिंक ऑक्साइडची खोड एकच. आपल्या सावळ्या वर्णावर ते पांढरं उमटतं. पहिल्या दिवशी वहिनी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होती आणि दादानं तसं म्हणूनही दाखवलं! त्यावर उपाय म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं, फिकट तपकिरी छटेचं सनस्क्रीन. चेहऱ्यावर वांग असेल तर ते दुहेरी कामाचं, कारण ही छटा डोळ्यांना दिसणारा प्रकाशही थोडा अडवते. पांढरं दिसतं म्हणून कमी लावाल तर ट्यूबवरचा आकडा खोटा ठरतो. तो भरपूर थर देऊन मोजलेला असतो.

बाकी तोंडाला गुंडाळलेला सुती दुपट्टा नागपूरकरांना मी काय शिकवणार? त्याच्या मागं घटकांची यादी नसते.

परवा वहिनीचा फोन आला. पाय मुरगळला म्हणून भाचा दुकानातून जेल घेऊन आला होता. "ताई, मी आधी चष्मा मागितला," ती म्हणाली. "तेच होतं हो. परत पाठवलं."