घरचा 'य' आणि शाळेचा अनुस्वार

विद्यार्थ्याच्या वहीत 'लोकायले' दिसले की लाल रेघ ओढली जाते, शेजारी 'लोकांना' लिहिले जाते आणि विषय संपतो. माझ्या मते खरा पाठ तेथूनच सुरू व्हावयास हवा.

मराठी नामाचे अनेकवचन दोन प्रकारे दिसते. एक, प्रत्ययाविना: घोडा–घोडे, वाट–वाटा, भिंत–भिंती, नदी–नद्या, घर–घरे. दगड आणि लाडू मात्र कितीही झाले तरी तसेच राहतात. दुसरे, विभक्तिप्रत्ययापूर्वीच्या सामान्यरूपात. 'दगडाचा' एकाचा, 'दगडांचा' अनेकांचा; भेद केवळ अनुस्वाराचा. हा अनुस्वार जुना आहे. वंदनेत आपण 'देवमनुस्सानं' म्हणतो, म्हणजे देवांचा व माणसांचा. षष्ठीच्या अनेकवचनातील अशाच प्राकृत रूपांचा उरलेला नाद म्हणजे मराठीचा हा अनुस्वार, असे भाषाभ्यासक मानतात.

आपल्या वऱ्हाडीतही हीच व्यवस्था आहे, खूण तेवढी निराळी. 'दगडाले' एकवचन, 'दगडायले' अनेकवचन. 'पोट्ट्याचं' एकाचे, 'पोट्ट्यायचं' अनेकांचे. चांदूर रेल्वेच्या बाजारात शाळेची पायरी न चढलेली म्हातारीही या दोहोंत गफलत करीत नाही. जे इतक्या नेमाने पाळले जाते, त्याला अशुद्ध कसे म्हणावे? तेही व्याकरणच आहे.

प्रमाण मराठी शिकवू नये, असे माझे म्हणणे नाही. परीक्षा, अर्ज, न्यायालय यांची भाषा आपल्या मुलांना निर्दोष आलीच पाहिजे. परंतु तिच्याकडे जाणारी वाट घरच्या बोलीतूनच जाते. 'लोकांना' मधील अनुस्वार पुढच्या 'ना'च्या उच्चारात बुडतो, म्हणून लिहिताना गळतो. 'लोकायले' मधील 'य' मात्र कानाला स्वच्छ ऐकू येतो. फळ्यावर दोन रकाने आखावेत आणि सांगावे : घरी जेथे हा 'य' म्हणता, तेथे शाळेत अनुस्वार द्या. लोकायचं–लोकांचे, लोकायनं–लोकांनी, लोकायले–लोकांना. एका तासिकेत नियम हाती येतो.

वसतिगृहात येणारे मूल घर मागे ठेवून येते, बोली तेवढी सोबत आणते. पहिल्याच आठवड्यात तिच्यावर लाल रेघ ओढली, तर ते चूक सुधारण्याआधी बोलणे सोडते. गप्प बसलेल्या मुलाला कोणती भाषा शिकविणार?