पेटी कोण बांधतो?

गेल्या पावसाळ्यात एका अभ्यासिकेतील पाच जुने संगणक पाहण्यासाठी आम्हाला बोलावणे आले. सगळ्यांत चोरीची विंडोज होती. "सगळेच वापरतात, वकीलसाहेब," हे ठरलेले उत्तर मिळाले. सगळेच वापरतात म्हणून कायदा बदलत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. अभ्यासिकेच्या दानपेटीत वर्षाला तेवढे तरी जमतात काय?

दोन मुलांनी दोन दिवसांत त्या संगणकांवर डेबियन बसवले. ते फुकट आहे, मराठीत बसवता येते आणि त्याच्या प्रती वाटण्याची परवानगी त्याच्या परवान्यातच आहे. नंतर जे सॉफ्टवेअर हवे ते एप्ट नावाच्या पॅकेज व्यवस्थापकाला सांगायचे, तो आणून बसवतो. तेव्हा बारावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, सगळे एप्ट आणतो, मग एप्टला कोणी आणले?"

हा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो. एप्ट आणि त्याच्या खाली काम करणारा डीपीकेजी ही दोन्हीसुद्धा इतरांसारखीच पॅकेजेस आहेत. डेबियनचे पॅकेज म्हणजे एक बांधलेली पेटी. आत प्रत्यक्ष फायली असतात आणि सोबत एक चिठ्ठी असते. पॅकेजचे नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्याचे नाव आणि ते आणखी कोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे, हे त्या चिठ्ठीत लिहिलेले असते. डीपीकेजी पेटी उघडून माल जागच्या जागी लावतो. अवलंबून असलेल्या बाकीच्या पेट्या शोधून आणण्याचे काम एप्टचे. पण कोऱ्या संगणकावर दोघेही नसतात. तेथे डीबूटस्ट्रॅप नावाची छोटी स्क्रिप्ट मूळच्या पेट्या उतरवून घेते आणि साध्या, जुन्या अवजारांनी फोडते. मग फोडून काढलेला डीपीकेजी स्वतःचीच पेटी रीतसर बसवून स्वतःची नोंद करतो. म्हणजे पहिली पेटी विश्वासावरच उघडावी लागते.

म्हणून विश्वास कोणावर, हा प्रश्न येतोच. डेबियनच्या साठ्याची यादी सहीबंद असते. त्या यादीत प्रत्येक पॅकेजच्या नोंदीपर्यंत पोहोचणाऱ्या खुणांची साखळी असते, आणि खूण जुळली नाही तर एप्ट हरकत घेतो. सहीच्या मागे माणसे आहेत. नव्या सभासदाच्या किल्लीवर जुने सभासद सही करतात, बहुधा प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून. वकिलाला ही साखळी ओळखीची वाटते. आम्ही जमिनीचे फेरफार असेच मागे मागे तपासत जातो.

या माणसांनी १९९७ साली सामाजिक करार केला आणि १९९८ साली स्वतःचे संविधान स्वीकारले. होय, संविधान हाच शब्द. नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो आणि त्याचा निर्णय सभासद फिरवू शकतात. कोणावरही काम करण्याची सक्ती नाही, असे त्यात स्पष्ट आहे. वेठ नाही! आणि कोणत्याही व्यक्तीशी वा गटाशी भेदभाव करणारा परवाना डेबियनला मान्य नाही.

पण कागदावरची कलमे पाहून भारावून जाण्याचे दिवस आमचे संपले. २०२४ च्या मार्चमध्ये काय घडले पाहा. एक्सझेड नावाचे फायली दाबून लहान करणारे साधे सॉफ्टवेअर एक थकलेला माणूस विनामोबदला सांभाळत होता. 'जिया तान' नाव घेतलेल्या कोणीतरी दोन वर्षे मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा ठेवला. तो चालू करणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच. प्रकाशित गठ्ठ्यात तेवढा घातलेला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने खोदून पाहिले, म्हणून ते उघडकीस आले. डेबियनच्या चाचणी शाखांत तो पोहोचला होता, स्थिर आवृत्तीत नव्हता.

कोड उघडा होता, घात पेटी बांधताना झाला. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचा माल, असे समजून आमची मुले नुसती घेणारी राहिली तर पेटी कोण बांधतो यावर त्यांचा कधीच अधिकार चालणार नाही. पदवी नको, ओळख नको, इंग्रजी मात्र लागते. आणि रिकामा वेळ लागतो. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल त्याच्या मजुरीवर पेटते, त्याने विनामोबदला पॅकेज सांभाळावे, असे म्हणण्याची हिंमत आमच्यात नाही. दरवाजा सर्वांना उघडा आहे, हे तेवढ्यापुरतेच खरे.

डेबियनमध्ये सांभाळणारा उरला नाही अशा पॅकेजांची यादी असते. त्यांना अनाथच म्हणतात. ती यादी आम्ही त्या मुलांना दाखवली. आता ती दोघे रोज सायंकाळी सात ते नऊ दोन संगणक अडवून बसतात. स्पर्धा परीक्षावाल्या मुलांनी समितीकडे तक्रार केली आहे. रविवारी बैठक आहे, आम्हालाही बोलावले आहे.