शब्द खणून शिकवूया : 'डेल्व्ह'ची गोष्ट



इंग्रजीत 'डेल्व्ह' असा एक शब्द आहे. मुलं शब्दकोशातून 'सखोल शोध घेणे' एवढाच अर्थ वहीत उतरवतात आणि पाठ करतात. माझं मत स्पष्ट आहे, असं शिकवलं तर मुलांच्या हाती शब्दाची नुसती साल येते, गर राहून जातो.

हा शब्द मुळात मातीतला. जुन्या इंग्रजीत 'डेल्फान' म्हणजे जमीन खणणे. इंग्लंडमध्ये 1381 साली शेतकऱ्यांचा उठाव झाला. तेव्हा जॉन बॉल या धर्मोपदेशकाने आदमचा दाखला देताना हेच क्रियापद वापरलं. पहिला माणूसच माती खणणारा होता, मग जन्मजात मालक आले कुठून, हा त्याचा मुद्दा! नेदरलँड्समधलं डेल्फ्ट शहरही याच शब्दकुळातलं. खणलेल्या कालव्यावरून त्याला ते नाव पडलं. पुढे हाच अर्थ पिशवीत हात घालून शोधणे, जुने कागद धुंडाळणे, विषयाच्या खोलात शिरणे इथपर्यंत सरकत आला.

आपल्या मराठीत तरी वेगळं काय आहे? विहीर खणतात, पाया खोदतात, कोंबडी उकिरडा उकरते. आणि माणसं खोदून खोदून विचारतात, जुनी भांडणं उकरून काढतात! हे साम्य मुलांना एकदा दाखवलं की अर्थ पाठ करावा लागत नाही, तो आपोआप लक्षात राहतो.

आता एक गंभीर गोष्ट. चॅटजीपीटी आल्यानंतर वैद्यकीय शोधनिबंधांच्या सारांशांत हा शब्द एकदम वाढल्याचं 2024 मध्ये संशोधकांना दिसलं. तेव्हापासून 'डेल्व्ह' दिसला की 'हे मशीनने लिहिलंय' म्हणायची सवय लागली आहे. हे मला पटत नाही. हजारो निबंधांची मोजदाद वेगळी आणि एका मुलाची वही वेगळी. एका शब्दावरून त्याला चोर ठरवलं, तर ते मूल पुन्हा नवा शब्द वापरायला धजणार नाही.

त्यापेक्षा त्याला जवळ बसवा. अर्थ विचारा, स्वतःचं एक वाक्य करायला सांगा. शब्द कळला असेल तर ते सांगेल. नुसता उतरवला असेल, तर शिकवायची याहून चांगली वेळ कोणती?