बदललं तेवढंच लिहा!



मागच्या आठवड्यात आमच्या चौथीच्या वर्गात एक प्रयोग केला. आमच्याकडे लाइट कधी येईल नि कधी जाईल याचा नेम नाही. मुलांना म्हटलं, "आज शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत लाइटची नोंद ठेवायची. लाइट असेल तर १, नसेल तर ०. दर मिनिटाला एक आकडा!" प्रत्येक बाकावर पाळ्या लावून दिल्या.

११ ते ५ म्हणजे ६ तास, म्हणजेच ३६० मिनिटं. अर्ध्या तासातच वह्यांमध्ये १, १, १, १ अशी रांग लागली. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र निवांत बसली होती. विचारलं तर म्हणते कशी, "बाई, लाइट गेली की लिहीन ना! तोवर आहे तशीच आहे की!"

शाळा सुटताना तिच्या वहीत एवढंच होतं : सुरुवातीला १, ११.४० ला ०, १.१० ला १, ३.२५ ला ०, ४.०५ ला १. बस्स! ३६० आकड्यांच्या जागी ५ नोंदी. मी विचारलं, "२ वाजून १७ मिनिटांनी लाइट होती का?" तिने वहीत पाहिलं आणि लगेच सांगितलं, "होती!"

मुलांनो, या मुलीने जे केलं, तेच संगणकाची चिप बनवणारे इंजिनिअर करतात, बरं का!

चिप म्हणजे बोटाच्या नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. त्यात असंख्य बारीक तारा असतात आणि प्रत्येक तारेवर १ किंवा ० धावत असतो. १९७१ साली आलेल्या इंटेल ४००४ या चिपमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज एकेका चिपमध्ये अब्जावधी असतात! एकदा चिप तयार झाली, की फळ्यासारखी पुसून दुरुस्त करता येत नाही. म्हणून आधी ती संगणकातच चालवून बघतात आणि कोणत्या तारेवर कधी १ होता, कधी ० होता, याची नोंद ठेवतात. पडद्यावर ही नोंद किल्ल्याच्या तटासारखी दिसते. वर गेली रेघ की १, खाली आली की ०. हिला म्हणतात 'वेव्हफॉर्म'.

आता हिशेब करा. चिपमध्ये एक 'घड्याळ' असतं. ते सेकंदाला १०० कोटी ठोके देणारं असेल, तर एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागातसुद्धा १,००० ठोके पडतात. अशा लाखो तारांची नोंद क्षणाक्षणाला लिहायची म्हटली, तर संगणकाची तिजोरीसुद्धा अपुरी पडेल!

म्हणून पहिली युक्ती आमच्या मुलीचीच : बदल झाला तरच लिहायचं. अशा फाइलचं नावच 'व्हॅल्यू चेंज डंप' आहे. १९९५ साली व्हेरिलॉग या चिप लिहिण्याच्या भाषेचं प्रमाण ठरलं, त्यात तिचे नियम दिले आहेत. तारेचं लांबलचक नाव दरवेळी लिहायचं नाही. त्याऐवजी एखादं छोटं चिन्ह, उदाहरणार्थ '!', ठरवून टाकायचं. हजेरीपटात नावाऐवजी नंबर घेतो ना, तसंच.

दुसरी युक्ती : वेळेऐवजी मधलं अंतर लिहायचं. आपल्या नोंदीत ते होईल ४०, ९०, १३५, ४० मिनिटं. आकडे लहान, जागाही कमी!

तिसरी युक्ती इस्रायलच्या जेकब झिव्ह आणि अब्राहम लेंपेल यांची. ती त्यांनी १९७७ साली मांडली. एखादा तुकडा पुन्हा आला, तर तो परत लिहायचा नाही. 'मागे अमुक ठिकाणी पाहा' एवढंच लिहायचं. घड्याळाचे ठोके तर सतत तेच ते! म्हणून ही युक्ती इथे फार कामाला येते. तुमची झिप फाइलसुद्धा हीच युक्ती वापरते.

पण थांबा. फोटो लहान करताना थोडा बारीक तपशील गाळला तरी चालतं. डोळ्याला कळत नाही. इथे मात्र एकही ० किंवा १ गाळून चालत नाही. उलगडल्यावर मूळ नोंद जशीच्या तशी मिळाली पाहिजे. याला 'लॉसलेस' म्हणतात, म्हणजे काहीही न गमावता केलेला संक्षेप.

का? तेही वर्गातच कळलं. एका मुलाने ती अंतरं उतरवून घेताना ९० हा एकच आकडा गाळला. त्याच्या वहीप्रमाणे लाइट १.५५ ला आली, २.३५ ला गेली आणि शाळा सुटेपर्यंत आलीच नाही! एक आकडा हरवला आणि पुढचं सगळं चुकलं. बिचारा रडवेला झाला. मी म्हटलं, "अरे, आज तूच सर्वांत मोठा धडा शिकवलास!"

बारीक चूक किती महाग पडते, हे १९९४ साली जगाने पाहिलं. इंटेलच्या पेंटियम चिपमधल्या भागाकाराच्या कोष्टकात ५ घरं चुकून रिकामी राहिली होती. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ याचं उत्तर १.३३३८२ यायला हवं, ते १.३३३७३ येई! थॉमस नाइसली या अमेरिकेतल्या गणिताच्या प्राध्यापकांना ही गडबड सापडली. चिपा बदलून देण्यात कंपनीचे ४७ कोटी ५० लाख डॉलर गेले. म्हणून चूक शोधायची तर आधी नोंद खरी हवी. खोट्या नोंदीत खरी चूक कशी सापडणार?

आता तुमची पाळी! शाळा ११ ला भरली तेव्हा लाइट होती. मग बदलांमधली अंतरं अशी : २५, ५०, ६०, ६० मिनिटं. सांगा, दुपारी २ वाजता लाइट होती का? आणि ५ वाजेपर्यंत एकूण किती मिनिटं नव्हती?

आधी सोडवा, मगच खाली पाहा हं!

तुमच्या,
बाई

(उत्तर : २ वाजता लाइट नव्हती. एकूण ११० मिनिटं नव्हती.)